मापाचा ब्लाउज

दर दिवाळीला मी दुकानावर 'ऑर्डर बंद' अशी पाटी लावतो आणि नेरूळमधली एकही बाई त्या पाटीवर विश्वास ठेवत नाही. पाटीखालूनच आत येतात, 'मास्टर, एकच आहे हो, साधाच,' म्हणतात आणि पिशवीतून चार काढतात. मीही घेतो, मग रागावतो, मग शिवतो. यंदा दिवाळी झाली, तुळशीचं लग्न झालं, तरी पाटी काढली नाही. तेव्हा कुठे बायकांच्या लक्षात आलं की म्हातारा या खेपेला खरं बोलतोय.

खरं तर हे माझ्या मानेनं ठरवलं. उभा जन्म मान खाली घालून काढला, घरात काय आणि धंद्यात काय, आणि आता ती वर करायची म्हटली तर करकरते. डॉक्टरांनी पट्टा दिला. मुलगा आशुतोष ऐरोलीला कंपनीत असतो, तो म्हणाला, "बाबा, टोटल बंद नका करू. घरी बसलात तर आमचं डोकं खाल. पण निम्मं करा." बोलणं कडू, पण खोटं नव्हतं. दोन मशिनींपैकी एक विकली. गाळ्याचा पुढचा भाग मोबाइलची कव्हरं विकणाऱ्याला भाड्यानं दिला. मागे मी, एक मशीन, इस्त्रीचं टेबल आणि एक स्टूल. दुकान रोज सकाळचं उघडायचं, दुपारी बंद. फक्त मंगळवारी दुपारीही उघडं ठेवणार, असं मी सांगून टाकलं. का, ते कुणी विचारलं नाही आणि मी सांगितलंही नसतं.

दुकानावर नाव अजून 'नंदिनी लेडीज टेलर्स' असंच आहे. नंदिनी माझी बायको. ती गेल्यापासून वरच्या घरात फ्रीज तेवढा आवाज करतो. तो बंद पडला की मला उठून बसावंसं वाटतं.

आता गिऱ्हाइकं कमी करायची म्हणजे काय करायचं, ते सांगतो. पुरुषांच्या टेलरकडे वहीत आकडे असतात. आमच्याकडे तसं नसतं. बाई पहिल्यांदा येते तेव्हा अंगाला नीट बसणारा एखादा जुना ब्लाउज घेऊन येते. तो मापाचा ब्लाउज. तो मग टेलरकडेच राहतो आणि पुढचे सगळे त्याच्यावरून शिवायचे. टेप लावायला नको, तिला अवघडायला नको, मला भिंतीकडे बघत आकडे म्हणायला नकोत. कपाटात एखादीचं माप पडलेलं आहे म्हणजे ती बाई तुमची. टेलर बदलायचा असला की बाया भांडत नाहीत. गोड हसतात आणि म्हणतात, "मास्टर, तो मापाचा द्या ना, भाचीच्या लग्नात घालायचाय." मग समजायचं, गेली. आणि टेलरनंच आपण होऊन माप परत दिलं तर त्याचा अर्थ एकच, उद्यापासून येऊ नका. हे कुणी कुणाला शिकवत नाही, पण प्रत्येक बाईला ते माहीत असतं.

तर मी कपाट उपसायला घेतलं. प्रत्येक ब्लाउजला नावाची आणि बिल्डिंगची चिठ्ठी टाचणीनं लावलेली. त्यात पुण्याला गेलेल्या होत्या, देवाघरी गेलेल्याही होत्या. परत द्यायचे कुणाचे, ठेवायचे कुणाचे, हे ठरवताना मला फार मजा आली, खोटं कशाला बोलू. इतकी वर्षं बायकांनी मला नाचवलं, आता सूत माझ्या हातात होतं. गळा खोल सांगून मग सासूसमोर 'टेलरनंच बिघडवला' म्हणणारी गेली. प्रत्येक गोष्टीला 'अर्जंट' म्हणणारी गेली. नवऱ्याला घ्यायला पाठवणारी आणि त्या बिचाऱ्याला माझ्याशी भांडायला लावणारीसुद्धा गेली. परतीच्या ब्लाउजांचा ढीग झाला. ठेवायचे होते ते एका कापडी पिशवीत मावले.

एक ब्लाउज मात्र मी या दोन्हींत घातला नाही. तो मशीनवरच राहू दिला. तो विजयमालाबाईंचा.

विजयमालाबाई सीवूड्सला राहतात. सरकारी कचेरीतून रिटायर झाल्या, लग्न केलं नाही, स्वतःचा छोटा फ्लॅट आहे. दर मंगळवारी जेवण करून बसनं यायच्या, खांद्याला खादीची पिशवी. स्टुलावर बसायच्या आणि माझ्या कामात चुका काढायच्या. कुणाचा रंग कुणाला शोभणार नाही, कोणत्या बाईला बाही लांब हवी, सगळं त्यांना दिसायचं. शेजारणीचा कुत्रा लिफ्टमध्ये त्यांनाच कसा भुंकतो, याची नक्कल करायच्या. कोपऱ्यावरून चहा यायचा, त्यात आलं नाही म्हणून चहावाल्यालाही ऐकवायच्या. मी हसायचो. मला हसता येतं, हे मला मंगळवारीच आठवायचं.

सगळ्या गिऱ्हाइकांना मी 'ताई' म्हणतो. शाळेतल्या पोरीलाही ताई आणि काठी टेकत येणाऱ्या आजीलाही ताई. यांना म्हणायचो नाही. काहीच म्हणायचो नाही, नुसतं 'या' म्हणायचो.

साधा ब्लाउज शिवायला वेळ तो किती लागतो. त्यांचा एक ब्लाउज मी तीन-तीन मंगळवार पुरवायचो. पहिल्या मंगळवारी अस्तर भिजत घातलंय. दुसऱ्या मंगळवारी बाही राहिली. तिसऱ्या मंगळवारी सगळा तयार, पण हुक लावायचे राहिलेत, पुढच्या खेपेला या. 'परवा या' हे खोटं टेलर लोक जन्मापासून बोलतात, पण ते लोभापायी, जास्त कामं घेतलेली असतात म्हणून. माझं खोटं वेगळं होतं. मला त्या यायला हव्या होत्या. काम निम्मं केलं ते मानेसाठी, पण जे निम्मं उरवलं ते त्यांच्यासाठी, हे मी स्वतःशी तरी कबूल केलेलं होतं.

रविवारी सून आली. गीतांजली पोर चांगली आहे. कामाला वाघ आहे आणि तोच तिचा दोष आहे. ढीग बघून म्हणाली, "बाबा, हे तुम्ही परत करत बसलात तर प्रत्येक दारात तासभर उभे राहाल आणि निम्म्यांचं काम परत घेऊन याल. मी गाडीनं देऊन येते." मला ते पटलं. मी वर जाऊन पडलो, मान दुखत होती. संध्याकाळी खाली आलो तर कपाट रिकामं, पुसलेलं, ठेवायच्या ब्लाउजांची पिशवी खिळ्याला टांगलेली, मशीनसुद्धा लख्ख. मशीनवरचा ब्लाउज तिनं पिशवीत घातला असणार, असं मी समजलो.

त्या मंगळवारी विजयमालाबाई आल्या नाहीत.

दिवाळीनंतर बायका दमलेल्या असतात, म्हटलं पुढच्या मंगळवारी येतील. पुढच्या मंगळवारीही आल्या नाहीत. चहावाला दोन चहा ठेवून गेला, मी दोन्ही प्यायलो आणि रात्रभर ॲसिडिटीनं जागलो. त्याच्या पुढच्या मंगळवारी मी त्याला आधीच सांगितलं, एकच आण. तो म्हणाला, "मॅडम गावाला गेल्या काय?" मी म्हटलं, हो. कव्हरवाल्याच्या दुकानातून दिवसभर कसलीतरी गाणी वाजत असतात. ती दुपार मी ती सगळी ऐकली.

फोन का केला नाही, असं कुणीही विचारेल. नंबर होता माझ्याकडे. पण टेलरनं गिऱ्हाईक बाईला फोन करायचा तो एकाच कारणासाठी, 'तयार झालाय, घेऊन जा.' त्यांचा एकही ब्लाउज माझ्याकडे शिवायला नव्हता. शेवटचा दिवाळीला दिला होता, सणाला घालायचा म्हणून हुकांसकट. मग फोन करून बोलू काय? तब्येत कशी आहे, हे टेलरनं विचारायचं नसतं. मी मोबाइल हातात घ्यायचो, नाव काढायचो, 'विजयमाला सीवूड्स ब्लाउज' असं साठवलेलं, आणि परत ठेवून द्यायचो. माझं मलाच वाईट वाटायचं, की इतक्या वर्षांत एका माणसाला कारणाशिवाय फोन करण्याइतकीही आपली ओळख झाली नाही.

अशाच एका सकाळी शरीफाभाभी आल्या. या उरणकडच्या, नेरूळला करीमभाईंचं टाइल्सचं दुकान आहे, त्यांची बायको. 'अर्जंट'वाल्यांत पहिला नंबर. माप परत केलेल्यांत यांचाही ड्रेस होता.

"मास्टर, काय गुन्हा केला मी?" त्या स्टुलावर बसल्या. "तुमची सून आली, माझा ड्रेस हातात दिला, वर पेढ्यांचा बॉक्स. मी म्हटलं हे काय, तर म्हणते, इतकी वर्षं साथ दिलीत, थँक्यू. मला वाटलं मयताला आली. करीमला बोलली मी, बघा, मास्टरनी आपल्याला काढून टाकला."

"मान गेली हो, भाभी. काम होत नाही."

"मान गेली तर माझा काय कसूर? आणि पेढे कशाला द्यायचे? पेढे दिल्यावर मानूस भांडू पन शकत नाय."

मला हसू आलं. पेढ्यांचं मला माहीतच नव्हतं. म्हटलं, सुनेच्या डोक्यातून निघालं असेल.

"पोरगी गोड आहे," त्या जरा नरमल्या. "मी म्हटलं चहा घेऊन जा, तर थांबली नाय. बोलली अजून सीवूड्सला जायचंय."

माझा हात थांबला. परतीच्या ढिगात सीवूड्सचं कुणीच नव्हतं. सीवूड्सहून माझ्याकडे एकच बाई यायची.

भाभी गेल्या तशी मी खिळ्यावरची पिशवी उतरवून टेबलावर पालथी केली. सगळे होते, तो नव्हता. गीतांजलीला फोन लावला. ती मीटिंगमध्ये होती, तरी हळू आवाजात म्हणाली, "हो ना बाबा, मशीनवर एक राहिला होता, तुम्ही ढिगात टाकायला विसरलात वाटलं. त्या मॅडम घरीच होत्या. किती छान बोलल्या. म्हणाल्या, मास्टरांना सांगा, बरं केलंत, आता आराम करा. मी तुम्हाला सांगायचंच विसरले."

मी म्हटलं, बरं केलंस, आणि फोन ठेवला. मग दुकानाचं शटर ओढलं आणि रिक्षा केली. रिक्षात बसल्यावर लक्षात आलं की हातात काहीच नाही. कुणाच्या घरी जाताना माझ्या हातात ब्लाउज नाही, असं आधी कधी झालंच नव्हतं.

दार त्यांनीच उघडलं. "मास्टर, तुम्ही?" म्हणाल्या आणि बाजूला झाल्या. मला बसवलं, पाणी दिलं. घर लहान, नीटनेटकं, खिडकीत कढीपत्त्याची कुंडी. टेलरची नजर वाईट, ती आधी ब्लाउजवर जाते. त्यांच्या अंगात नवा होता, शेवाळी रंगाचा, दुसऱ्या हातचा. मुंढ्यात कुठे चुणी नाही, खांद्यावर कुठे ढिला नाही. मी शिवलेल्यापेक्षा चांगला बसला होता, हे मला दिसलं आणि लागलं.

मी सगळं सांगितलं. ढीग, पिशवी, मशीनवर राहिलेला ब्लाउज, सुनेचा उत्साह, पेढे. सांगताना मी पाण्याच्या पेल्याकडे बघत होतो. "मी परत केला नाही," मी म्हटलं. "तो ठेवायचाच होता. म्हणून तर वेगळा ठेवला."

मग म्हणाल्या, "मला वाटलं, मी फार येते म्हणून तुम्ही कंटाळलात. सुनेला पुढे केलंत."

"छे."

"मी तो पेढ्यांचा बॉक्स खालच्या वॉचमनला देऊन टाकला." आणि हसल्या. हसताना तोंडावर हात धरायची त्यांची सवय आहे, तसा धरला. "मग इथे आमच्या बिल्डिंगमध्ये एक मीना म्हणून मुलगी शिवते, तिच्याकडे गेले. तिनं मापाचा ब्लाउज बघितला, मला बघितलं, आणि टेपच काढली. म्हणाली, मावशी, हे माप तुमचं नाहीच. तुम्ही केवढ्या बारीक झालात."

"कधीपासून?"

"मागे आजारी पडले होते ना, तेव्हापासून. सगळे ढगळच व्हायचे."

मला आठवलं. प्रत्येक ब्लाउज दिल्यावर पुढच्या मंगळवारी त्या तो परत आणायच्या, 'बाजूनं जरासा आत घ्या हो.' मी घ्यायचो. पुढचा ब्लाउज पुन्हा त्याच जुन्या मापावरून शिवायचो.

"मग तेव्हाच सांगायचं ना, माप बदला म्हणून," मी म्हटलं. "एकदाच नीट करून दिला असता."

"तेच तर," त्या म्हणाल्या. "एकदाच नीट केला असता, तर आत घ्यायला काय आणलं असतं? आणि तुम्ही काय हो, चार हुक लावायला आठवडा लागतो? मला हुक लावता येतात, मास्टर. काजंसुद्धा येतात."

मी त्यांच्याकडे बघितलं आणि आम्ही दोघंही हसायला लागलो. खूप हसलो. मान दुखेपर्यंत हसलो. इतकी वर्षं मी एकटाच खोटं बोलतोय असं समजत होतो, आणि समोरून तेवढंच खोटं येत होतं. त्या दिवशी त्या खोलीत मी जितका सुखी होतो तितका नंदिनी गेल्यापासून कधीही नव्हतो.

"मग या ना मंगळवारी," मी म्हटलं.

"येते की. कपाटात एक नारायण पेठचा पीस पडलाय, तो आणते."

इथे मी गप्प बसायला हवं होतं. चहा घेऊन उठायला हवं होतं. पण सुख झालं की माणसाला वाटतं, आता आडपडदा कशाला. मी म्हणालो, "पीस कशाला आणता? काही शिवायचं नकोच. नुसत्या या. मंगळवारची दुपार मी तुमच्यासाठीच ठेवलीय. मला तुम्ही यायला हव्या आहात, एवढंच."

त्यांचं हसू लगेच गेलं नाही. आधी डोळ्यांतून गेलं, मग ओठांवरून. त्यांनी माझ्यासमोरचा रिकामा पेला उचलला, आत नेऊन ठेवला आणि परत येऊन बसल्या, जरा लांबच्या खुर्चीवर.

"कचेरीत होते ना," त्या म्हणाल्या, "तेव्हा एका गृहस्थांबरोबर डबा खायचे. नुसता डबा. माझी भाजी त्यांना, त्यांची मला. बरं चाललं होतं. एक दिवस ते म्हणाले, डब्याचं निमित्त आहे हो, मी तुमच्यासाठी येतो. दुसऱ्या दिवशी मला डबा उघडता येईना. बदली मागून घेतली मी."

"लोक बोलले?"

"लोक गेले उडत. लोकांचं नाही हो." त्या शब्द शोधत होत्या. "एकट्या बाईला कुठेही जायचं तर हातात कारण लागतं. दुसऱ्या कुणाला दाखवायला नाही, स्वतःलाच. पिशवीत ब्लाउजपीस असला की मी टेलरकडे जात होते. बसमध्ये, रस्त्यात, तुमच्या स्टुलावर, सगळीकडे मी टेलरकडे आलेली बाई होते. मला त्यात फार मोकळं वाटायचं."

"मग आणा पीस," मी घाईनं म्हटलं. "मी काही बोललोच नाही असं समजा. तीन मंगळवार लावतो. चार लावतो."

"आता कसं समजू?" त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. राग असता तर मी भांडलो असतो. "आता पीस आणला तरी मी कशाला आले ते मला ठाऊक असणार. आणि तुम्हालाही. तुम्ही हे बोलायला नको होतं, मास्टर. आता मला ब्लाउज घेऊनसुद्धा येता येणार नाही."

मी कपड्यातलं उसवू शकतो. बाही उलटी लागली तर काढून सुलटी लावू शकतो. हे काही मला उसवता येत नव्हतं. मी उठलो. त्या दारापर्यंत आल्या. "सावकाश जा," म्हणाल्या. "पट्टा लावत जा मानेला." दार त्यांनी लगेच लावलं नाही, लिफ्ट येईपर्यंत उभ्या होत्या. लिफ्टमध्ये एक बाई कुत्रा घेऊन होती. तो मला भुंकला नाही.

पुढच्या मंगळवारी मी दुकान उघडून बसलो. त्याच्या पुढच्याही. त्या येणार नाहीत हे माहीत असून बसलो, त्यामुळे वाट बघत होतो असंही म्हणता येणार नाही. तिसऱ्या मंगळवारी दुपारी शटर ओढलं आणि वर येऊन झोपलो.

संध्याकाळी आशुतोषचा फोन आला. काय चाललंय, विचारलं. मी म्हटलं, मंगळवारची दुपारही बंद केली आता, फक्त सकाळचं.

"बेस्ट केलंत, बाबा," तो म्हणाला. "मी कधीपासून सांगतोय. आता जरा स्वतःसाठी वेळ मिळेल."

मी म्हटलं, हो, मिळेल.